ब्लँकेट दिलं, आता पुढच्या मंगळवारी परत जा

डिसेंबर संपता संपता नागपूरची थंडी काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, २९ डिसेंबर २०१८ ला तर पारा ३.५ वर आला होता, त्या रात्री आम्ही खिडक्या लावून दोन-दोन रजया घेऊन झोपलो तरी पाय गारच होते. दोन वर्षांपूर्वी अशाच थंडीत माझा मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणाला की आई आमचा ग्रुप मंगळवारी रात्री ब्लँकेट वाटायला जातो, यायला साडेबारा होतील. मी काळजीपोटी सोबत गेले. समाजसेवा वगैरे काही डोक्यात नव्हतं, पोरगं एवढ्या रात्री बाहेर राहणार म्हणून गेले, आणि मग जातच राहिले.

त्या पहिल्या रात्री स्टेशनच्या संत्रा मार्केटकडच्या बाजूला एक म्हातारे काका शटरसमोर बसले होते. ग्रुपमधल्या एका पोट्ट्यानं ब्लँकेट पुढे केलं तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बेटा, या हप्त्यात दोन झाले, ठेवू कुठं?"

ठेवू कुठं म्हणजे काय, हे मला तेव्हा समजलंच नाही. तीन-चार मंगळवार गेल्यावर समजलं. दुकानाच्या शटरसमोर झोपणाऱ्या माणसाला सकाळी दुकान उघडायच्या आत जागा मोकळी करावी लागते, त्याच्याकडे कपाट नाही, कोपरा नाही, जे काही आहे ते दिवसभर अंगावर नाहीतर खांद्यावर. एका ब्लँकेटची घडी पिशवीत बसते, तीन नाही बसत. झाडामागे लपवून ठेवलं तर चोरीला जातं, सफाईची गाडी आली तर कचऱ्यासोबत जातं. मग तो माणूस ते पन्नास-साठ रुपयाला विकून टाकतो आणि त्या पैशात चहा-पोहे खातो, आणि मग आपल्यातलंच कोणीतरी म्हणतं, बघा, आम्ही दिलेलं ब्लँकेट विकून राहिले, हे लोक असेच असतात. मला याचा फार राग येतो. ज्याला उन्हातान्हात सगळा संसार खांद्यावर घेऊन फिरायचंय त्याला तिसरं ब्लँकेट हे ओझं आहे, आणि ओझं विकून पोटात दोन घास टाकणं यात फसवणूक कुठून आली?

आणि त्याच रात्री, तिथून फार लांब नाही, कॉटन मार्केटच्या आतल्या बाजूला भाजीच्या रिकाम्या हातगाड्यांच्या मध्ये दोन बाया आणि एक सात-आठ वर्षांची पोरगी एका पोत्याखाली झोपल्या होत्या. त्यांच्यापर्यंत कोणीच पोचलं नव्हतं, कारण आपल्या गाड्या मेन रोडवर थांबतात आणि बाया मेन रोडवर झोपत नाहीत. बाई माणूस जिथे दिसणार नाही अशी जागा शोधतं, तेच तिचं दार आणि तीच तिची कडी. म्हणजे एकाच रात्री एका माणसाकडे तिसरं ब्लँकेट आणि अर्ध्या किलोमीटरवर तिघींमध्ये एक पोतं. देणारे कमी नव्हते त्या रात्री, स्टेशनसमोर आमच्या आधी अजून दोन ग्रुप येऊन गेले होते.

म्हणून मला जे म्हणायचंय ते इथेच सांगून टाकते. जे वाटता ते वाटा, पण एकदा ज्या फुटपाथवर गेलात तिथे परत जा, त्याच वारी, त्याच वेळेला, वर्षभर. नाव विचारा, आणि पुढच्या वेळी ते नाव लक्षात ठेवून हाक मारा. तरुण पोरापोरींकडे पैसा फारसा नसतो पण पाय असतात, वेळ असतो, मोबाइल असतो, चार चकरा मारायची ताकद असते, आणि रस्त्यावरच्या माणसाला आज सगळ्यात जास्त गरज त्याच गोष्टीची आहे.

हे लिहिताना एक भीती आहे की मोठी माणसं याचा उलटा अर्थ काढतील. आमच्या कॉलनीत एक गृहस्थ नेहमी म्हणतात की ही पोरं फोटोसाठी करतात, आणि फुकट देऊन देऊन लोकांना सवय लावून ठेवली. मला हे अजिबात पटत नाही. परीक्षा आठवड्यावर आलेली असताना स्वतःच्या पॉकेटमनीतून पोळ्या करवून घेऊन रात्री अकरा वाजता मेडिकल चौकात उभं राहणारं पोरगं हे या शहरातल्या कितीतरी धडधाकट कमावत्या माणसांपेक्षा जास्त करून राहिलं आहे. आणि सवय कशाची लागते हो, थंडीत कुडकुडायची? फुटपाथवर झोपायची हौस असलेला एकही माणूस मला दोन वर्षांत भेटला नाही.

शिवाय देणं हे काही या पिढीनं नवीन काढलेलं नाही, या मातीतच आहे ते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यांवर लाखो लोक येतात आणि कोणी उपाशी परत जात नाही, दर पन्नास पावलांवर कोणीतरी पुरीभाजी नाहीतर मसालेभात घेऊन उभं असतं, बोलावून बोलावून वाढतात. ताजबागच्या दर्ग्यात लंगर चालतो. २०२० च्या लॉकडाउनमध्ये हैदराबादकडून पायी निघालेले मजूर वर्धा रोडनं येत होते तेव्हा पांजरी टोलनाक्यावर जेवण, चपला, पाणी घेऊन उभी राहिली ती याच शहरातली माणसं, आणि त्यात तरुण पोरं किती होती ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे.

पण आपल्या विदर्भातलाच एक माणूस याच्या बराच पुढे गेला होता. गाडगेबाबा, १८७६ चा जन्म, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. त्यांचा दहा कलमांचा संदेश आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, हे पहिले तीन. आपले सगळे ग्रुप, आमचा सुद्धा, या तीनावर येऊन थांबतात. पुढे वाचा ना. पाचवं आहे बेघरांना आसरा, मग आजाऱ्यांना औषधोपचार, मग बेकारांना रोजगार, आणि अगदी शेवटी दुःखी निराश माणसांना हिंमत. बाबा स्वतः रस्त्यावरचं आयुष्य जगले, अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी काय बांधलं तर पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदीला धर्मशाळा. मुंबईला दादरच्या धर्मशाळेत आजही बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. त्यांना माहीत होतं की पोट भरलेला माणूससुद्धा रात्री कुठेतरी टेकला पाहिजे.

आता रस्त्यावर कोण झोपतं ते बघू, कारण 'बेघर' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर भीक मागणारा एकच चेहरा येतो. २०११ च्या जनगणनेत देशभरात १७.७३ लाख लोक बेघर मोजले, त्यातले नऊ लाखांच्या वर शहरांमधले, आणि ही मोजणी झाली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. एका रात्रीत त्या भाजीच्या गाड्यांमागच्या बाया कोणाला सापडल्या असतील? मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या बाहेर जे झोपतात त्यातले कितीतरी पेशंटचे नातेवाईक असतात, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, शिवनी, पार छत्तीसगडपासून आलेले, गावात त्यांचं घर आहे, शेत आहे, नागपुरात फक्त लॉजचे पैसे नाहीत. त्यांना जेवणापेक्षा जास्त पाहिजे असते मोबाइल चार्ज करायची सोय, आंघोळीची जागा, आणि हा कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा ते सांगणारं कोणीतरी. ठिय्यावरचे, म्हणजे रोज सकाळी कामासाठी चौकात उभे राहणारे मजूर असतात, दिवसा तुमच्याच फ्लॅट स्कीमचा स्लॅब टाकतात आणि रात्री पुलाखाली. लग्नाच्या सीझनमध्ये कॅटरिंगला वाढणारे, भांडी घासणारे. घरातून निघालेले किंवा काढलेले म्हातारे. दारूनं संपलेले. मनाचा आजार असलेले. यातल्या प्रत्येकाची अडचण वेगळी आणि आपण सगळ्यांच्या हातात एकच पाकीट ठेवतो, मसालेभात, एक बुंदीचा लाडू, पाण्याची बाटली, आणि गाडी पुढे.

परत गेल्याशिवाय हे कळत नाही. पहिल्या आठवड्यात कोणी काही सांगत नाही, का सांगावं? आमच्या ग्रुपमधली एक बीकॉमची पोरगी सलग पाच मंगळवार एका आजोबांजवळ दहा-दहा मिनिटं बसली, तेव्हा सहाव्या मंगळवारी त्यांनी सांगितलं की आधार कार्ड हरवलं, त्यामुळे सगळंच थांबलंय. मग ती त्यांना घेऊन एका ऑफिसात गेली. खिडकीवर विचारलं, पत्ता काय? ते म्हणाले नाही. पत्ता नाही तर घेऊन या, असं म्हणून परत पाठवलं. आता ज्याच्याकडे घर नाही त्यानं पत्ता कुठून आणायचा? पण नियमात याची सोय आहे, ठरलेल्या फॉर्मवर नगरसेवक, आमदार, गॅझेटेड ऑफिसर किंवा मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखानं लिहून दिलं तर चालतं. ती पोरगी तो फॉर्म प्रिंट काढून परत गेली, मग फोटोवाला, मग सही, मग परत, एकूण चार चकरा. चौथ्या वेळी काम झालं. ते आजोबा एकटेही दोनदा गेले होते त्याच खिडकीवर आणि त्यांना सिक्युरिटीनं दारातूनच हाकललं होतं. शेजारी कॉलेजचं आयकार्ड गळ्यात घातलेली एक पोरगी उभी होती, एवढाच फरक. हे वाईट आहे, असं व्हायला नको, पण आज तसं आहे, आणि जोपर्यंत तसं आहे तोपर्यंत ते आयकार्ड कामी लावायला काय हरकत आहे?

आधार झालं की पुढची दारं उघडतात. रेशन. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये, जे आपल्याला हॉटेलात एका जेवणाचे वाटतात पण म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यात औषध आणि चहा सुटतो. मतदार यादीत नाव. बेघर माणसाला मत देता येतं हे मला स्वतःला माहीत नव्हतं. निवडणूक आयोगाचा नियम असा आहे की फॉर्म ६ मध्ये जिथे झोपतो ती जागा लिहायची आणि बीएलओनं, म्हणजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्यानं, रात्री तिथे येऊन बघायचं की माणूस खरंच तिथे झोपतो का, घराच्या पत्त्याचा कागद लागत नाही. फुटपाथवरच्या माणसाचं नाव यादीत असेल तर मतं मागायला येणाऱ्याला निदान त्या फुटपाथवर थांबावं लागेल.

आता फोटोबद्दल. पोट्ट्यांनो, मी तुमच्या बाजूची आहे, पण इथे नाही. गेल्या वर्षी एका ग्रुपनं (आमच्या नाही, पण आमच्याकडूनही आधी हे झालंय) जेवणाचं पाकीट देताना व्हिडिओ काढला, तर पस्तीस-चाळीसचा एक माणूस पाकीट ठेवून उठून गेला. नंतर मी विचारलं तर म्हणाला, काकू, गावात माहीत आहे की मी नागपूरला कंपनीत आहे, पोरीचं लग्न ठरून राहिलं, कोणी पाहिलं तर? तो माणूस उपाशी गेला त्या रात्री. हिशोब दाखवायचा असेल, डोनेशन देणाऱ्यांना सांगायचं असेल तर पोळ्यांच्या डब्यांचा फोटो काढा, ब्लँकेटच्या गठ्ठ्याचा काढा, तुमचा स्वतःचा काढा. घेणाऱ्याचा चेहरा नको. विचारून काढला तरी नको, कारण ज्याच्या हातात तुम्ही जेवण धरलंय तो नाही कसं म्हणणार?

आणि त्याहून वाईट म्हणजे ते केस कापून आंघोळ घालून 'आधी आणि नंतर' दाखवणारे व्हिडिओ. रस्त्यावर जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा माणूस दिसला तर तो आजारी आहे, त्याला डॉक्टर पाहिजे, कात्री नंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० सांगतं की असा भटकणारा आजारी माणूस दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे त्या हद्दीतल्या पोलिसांचं कर्तव्य आहे, आणि २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. नागपुरात तर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, बाकीच्या बहुतेक जिल्ह्यांना ते नशीब नाही. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं मुंबईत रस्त्यावर एक तरुण पाहिला, नारळाच्या करवंटीत गटाराचं पाणी घेऊन पिणारा, उपचार केले तर कळलं की शिकलेला पोरगा आहे आणि आंध्रात त्याचं घरदार आहे. तेव्हापासून त्यांच्या कर्जतच्या संस्थेनं हजारो माणसं बरी करून घरी पोचवली. पोचवली हा शब्द महत्त्वाचा आहे. कुठलं गाव, कोणता जिल्हा, कोणती भाषा बोलतो हे काढायला दिवसच्या दिवस जातात, आणि इथेही परत परत जाऊन शेजारी बसणारं माणूस लागतं. ज्या पोरांना तेलुगू येतं, छत्तीसगडी येतं, गोंडी येतं (आणि नागपूरच्या होस्टेलांमध्ये अशी भरपूर पोरं आहेत), त्यांनी फक्त बोलायला यावं, काही आणू नका हातात.

निवाऱ्याचा मुद्दा मोठा आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशांमुळे नियम असा झाला की पाच लाखांच्या वरच्या शहरात दर एक लाख लोकवस्तीमागे एक बेघर निवारा पाहिजे, चोवीस तास, बाराही महिने. नागपूरची लोकसंख्या २०११ लाच २४ लाख होती. म्हणजे निदान चोवीस निवारे. तेवढे मला तरी दिसले नाहीत. जे आहेत ते चांगल्या हेतूनं चालतात, पण लोक तिथे का जात नाहीत हे कोणी बसून विचारलं का? आम्ही विचारलं. नवरा-बायको असेल तर दोघांना वेगळं व्हावं लागतं. सायकल रिक्षा चालवणाऱ्याला रिक्षा ठेवायला जागा नाही, आणि रिक्षा भाड्याची, गेली तर तो आयुष्यभर फेडत बसेल. ठिय्या लांब पडतो, पहाटे सहाला तिथे नाही पोचलं तर दिवसाची मजुरी गेली. काहींना तर असा निवारा शहरात आहे हेच माहीत नाही, आणि स्टेशनवर, एसटी स्टँडवर, मेडिकलच्या गेटवर एक मोठा बोर्ड लावायला किती खर्च येतो?

उलट शहर सजवायचं असलं की हीच माणसं सगळ्यात आधी दिसतात. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्तानं सी-२० ची, म्हणजे सामाजिक संस्थांच्या गटाची बैठक नागपुरात होती, तेव्हा भिंती रंगल्या, झाडं लागली, आणि चौकात भीक मागण्याविरुद्ध कलम १४४ खाली आदेश निघाला. सिग्नल रिकामे झाले. ती माणसं कुठे गेली हे आपण कोणी विचारलं नाही, मीही नाही, मला तर तेव्हा रस्ते छान वाटले होते आणि आज त्याची लाज वाटते. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे, दिल्लीत हायकोर्टानं २०१८ ला त्यातली मुख्य कलमं रद्द केली, आपल्याकडे नाही. गरिबी लपवता येते म्हणून संपत नाही, ती फक्त चौकातून उचलून नाल्याच्या काठावर जाते, आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदीला पूर आला तेव्हा नदीकाठचं पाणी घराघरात घुसलं होतं, छप्पर असलेल्यांचे ते हाल, तर छप्पर नसलेल्यांचं काय.

कॉलेजांनी यात यायला पाहिजे असं मला फार वाटतं. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) वर्षाला १२० तास असतात. रॅली, पोस्टर, झाड लावून फोटो, यात ते संपतात. एका कॉलेजनं एक चौक घेतला आणि तेच १२० तास त्या चौकातल्या वीस-पंचवीस माणसांसोबत घालवले, एका वहीत लिहून ठेवलं की कोणाचं आधार कुठे अडलं, कोणाची टीबीची गोळी सुरू आहे, कोण दिसेनासं झालं, तर वर्षाच्या शेवटी त्या वहीची किंमत हजार ब्लँकेटपेक्षा जास्त होईल. लॉच्या पोरांनी अर्ज लिहावे, फार्मसीच्या पोरांनी जखमा बघाव्या, मराठी-हिंदी चांगली असणाऱ्यांनी पत्रं लिहावी. ग्रुपांनी आपसात बोलून भाग वाटून घ्यावेत, म्हणजे स्टेशनसमोर एका रात्री तीन गाड्या आणि कॉटन मार्केटच्या आत शून्य असं होणार नाही. आणि मुलींना पण न्या सोबत, बाया मुलींशीच बोलतात.

एक गोष्ट राहिली, उन्हाळा. डिसेंबरमध्ये सगळे येतात, मे महिन्यात कोणी येत नाही, सुट्ट्या असतात, पोरं गावी जातात. पण नागपूरचा मे हा नागपूरच्या डिसेंबरपेक्षा जास्त माणसं मारू शकतो, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं. थंडीत निदान शेकोटी पेटवता येते, दुपारी दोनच्या उन्हात काय करणार, फुटपाथचा सिमेंटसुद्धा चटका देतो. म्हणून यंदा आमच्या ग्रुपनं आत्तापासूनच यादी सुरू केली आहे: ओआरएसची पाकिटं, ओले दुपट्टे, चपला, कोणत्या दुकानदाराच्या ओट्यावर माठ ठेवू देतात. पण खरं लागतं ते दुपारी बारा ते चार बसायला एक सावलीची, पंखा असलेली, पाणी असलेली जागा. महापालिकेच्या बंद पडलेल्या शाळा शहरभर आहेत, खोल्या रिकाम्या आहेत, उन्हाळ्यात त्यातल्या दहा-बारा जरी दुपारपुरत्या उघडल्या तरी खूप होईल. झाडू मारायला, माठ भरायला, रजिस्टर ठेवायला माणसं लागतील तर ती आमच्याकडे आहेत, पंधरा पोरांनी मे महिन्यात गावी जायचं नाही असं ठरवलंय. त्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे असतात तेवढं कोणी सांगा.